बाकोसच्या तिसऱ्या मजल्यावरून आलेले शब्द

अलेक्झांड्रियात जाहिराती लावणारे पुष्कळ, पण नगवासारखी नगवाच. कुणी इंटरनेटवर काही शोधलं की वर चार जाहिराती येतात. पहिल्या जागेवर कोण बसणार, हे बोलीवर ठरतं आणि जाहिरात विचारलेल्याला किती लागू पडते यावरही. आदल्या दिवशी लोकांनी काय काय टाइप केलं त्याची यादी ती रोज सकाळी तांदूळ निवडावेत तशी निवडायची. एका दातांच्या डॉक्टरची जाहिरात करवतीचे दात शोधणाऱ्या सुताराला दिसली, तेव्हा आठवडाभर हसत होती.

उस्ता बिशाय या कुलूपवाल्याचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने कीवर्डची जुळणी सैल ठेवली. म्हणजे ठरवलेल्या शब्दांच्या आसपासचं काही विचारलं तरी जाहिरात दिसणार. एका सकाळी यादीत बाकोस भागातली एक ओळ आली: ‘दार आतून उघडत नाही, बाहेर कोणी आहे का.’

जाहिरात चौथ्या जागेवर दिसली होती. फोन मात्र आला नव्हता.

“कचरा आहे,” ऑफिसचा मालक मुख्तार बे म्हणाला. “उद्या दुपारपासून नेमकी जुळणी लाव. ‘कुलूपवाला’ म्हणेल त्यालाच दिसू दे.”

“मग दाराआडच्या या बाईचे शब्द कुणापर्यंत पोचणार, बे?”

“ही कोण? तुझी मावशी?”

बाकोसपुरती बोली वाढवून नगवाने जाहिरात पहिल्या जागेवर नेली आणि मथळा बदलला: ‘बाहेर आम्ही आहोत. कुठे आहात?’

दुसऱ्या सकाळी यादीत ओळ होती: ‘बंद बेकरीच्या वर, तिसरा मजला. किल्ली आहे, आतून लागत नाही.’

नगवाने घड्याळ पाहिलं. दुपारनंतर हे शब्द तिच्यापर्यंत पोचणारच नव्हते. तिने मथळा लिहिला, ‘किल्ली टोपलीतून खाली सोडा’, आणि उस्ताला घेऊन निघाली.

बेकरीच्या पायरीवर राखणदार शेंगा सोलत बसला होता.

“तिसरा मजला? दोन वर्षं रिकामा आहे, पोरी. सित्त इन्साफ म्हणून एक बाई राहायची. म्हातारी भरकटायची, म्हणून मुलगा बाहेरून कुलूप घालून कामावर जायचा. आतच गेली बिचारी.”

“मग वीज कुणाची जळते?” तिसऱ्या मजल्याच्या फिरत्या मीटरकडे बोट दाखवत उस्ताने विचारलं.

“जळते? मीटर तर मी स्वतः बंद केलं...”

तेवढ्यात वरून दोर सरकला. भाजी घ्यायला सोडतात तशी वेताची टोपली हेलकावे खात खाली आली. तळाशी एक किल्ली.

राखणदाराच्या शेंगा सांडल्या. “दोर कुणी धरलाय?”

कुणी वर पाहिलं नाही.

“उस्ता, चला,” नगवा म्हणाली.

“मी कुलूपवाला आहे, मांत्रिक नाही!” असं म्हणत म्हणत उस्ता तिच्या मागोमाग जिना चढला. किल्ली बाहेरून लोण्यासारखी फिरली. आत कुणी नव्हतं. सगळ्या घरावर बोटभर धूळ, फक्त पलंगावर एका माणसाच्या बसण्याइतकी चादर स्वच्छ. तिथे जुना टॅबलेट उघडा पडला होता, पडद्यावर पहिल्या जागेवर त्यांचीच जाहिरात. नगवाने चादरीला हात लावला. उबदार होती.

दार सताड उघडं ठेवून ते उतरले. बंद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

दुपारी मुख्तार बेने आठवण करून दिली. नगवाने जुळणी बदलली नाही.

पुढच्या सकाळी यादीत एकच वेगळी ओळ होती. ठिकाण बाकोस नव्हतं. त्यांच्या ऑफिसची गल्ली होती. ‘बाहेर आले. आता कुठे जाऊ?’

“बघितलंस?” तिच्या खांद्यावरून वाकून मुख्तार बे कुजबुजला. “आता तरी बंद कर ते.”

“दोन वर्षं कोंडलेली बाई आहे, बे. दारातून परत पाठवू?”

तिने मथळा लिहिला, ‘वर या, बसा’, आणि गल्लीपुरती जाहिरात पहिल्या जागेवर नेली. मग पुदिन्याचा चहा टाकला, आपल्याजवळची खुर्ची पुसली आणि खिडकीपासून थोडी आत ओढून ठेवली.

मुख्तार बे कोट उचलून जिन्याकडे निघाला, आणि अर्ध्यातूनच परत आला. भिंतीला चिकटून, जिन्यात कुणाला तरी वाट देत.