सगळ्यांचा सख्खा मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा गारखेड्यातल्या घरी मी चहा गाळत होतो. मामी एवढंच म्हणाल्या, "ये रे… तुझे मामा उठंनात." गुलमंडीत मामांच्या घरी कसा पोचलो ते आठवत नाही. झोपेतच गेले. दुसऱ्यांसाठी जन्मभर दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवणारा हा माणूस स्वतःसाठी एकदाही ती पायरी चढला नाही, याचा मला अजून राग येतो.

गुलमंडीत त्यांचं खणांचं आणि ब्लाउजपिसांचं छोटं दुकान होतं. खेड्यापाड्यातली गिऱ्हाइकं हक्काची. त्यांतल्याच एका धनगराची दिवस भरलेली बायको एकदा दुकानाच्या पायरीवरच कळवळू लागली. मामांनी नवरा-बायकोला रिक्षात घातलं आणि जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. खिडकीतून सांगितलं गेलं, आधी अनामत भरा. मामा भल्या माणसासारखे पैसे आणायला दुकानात परतले. जमवाजमव करून पुन्हा पोचले, तोवर ती बाकावरच संपली होती. "पैसे आणायला गेलोच कशाला मी? तिथंच बोंब मारायला पाह्यजे होती…" हे त्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलं असेल.

त्यानंतर त्यांनी आपली एक रीतच पाडली. ओळखीचं कुणी अडलं की खिडकीशी जाऊन ठणकावायचं, "मी पेशंटचा सख्खा मामा. आधी आत घ्या, पैशाचं मी बघतो. हलत नाय इथून." मामा म्हटल्यावर आपल्याकडे कोण वाद घालणार? एकदा खिडकीतल्या माणसानं हटकलंच, "कालच्या पेशंटचेही तुम्हीच मामा होतात ना?" मामा शांतपणे म्हणाले, "काय करता साहेब, बहिणी लई हायेत मला." बहीण एकच, माझी आई! पेशंट आत गेला की हे शहागंजपर्यंत ओळखीच्या दुकानांतून मदत मागत फिरायचे. ऐन दिवाळीत दुकान बंद ठेवून दवाखान्यात बसलेल्या नवऱ्यावर मामी तोंडसुख घ्यायच्या, आणि पेशंटचा डबाही त्याच भरून द्यायच्या. असा माणूस माझा मामा होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून दहाव्याला केस द्यायला मी बसलो. माझ्यामागं भिवा नावाचा एक तरुण मेंढपाळ येऊन बसला. मेंढरांमागं हिंडताना त्याला साप चावला होता, तेव्हा मामांनी त्याला असंच आत घ्यायला लावलं होतं. भावकीतल्या एका काकांना ते खटकलं. "तू आमच्यातला नाहीस बाबा, तुला काय गरज?"

भिवानं पटका सोडून मांडीवर ठेवला. "दवाखान्यात ते म्हणले, मी ह्याचा सख्खा मामा. तिथं कुणी खोटं म्हणलं नाय. आता तुमी म्हणता व्हय?"

न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. मी मागं वळून पाहिलं, तर भिवाच्या मागं आणखी काही अनोळखी माणसं पटके सोडत होती.