मिटल्या पापणीवरचा ब्रश

आम्ही जातो त्या पनवेलच्या दातांच्या दवाखान्यात मुलं डॉक्टरांना घाबरत नाहीत, तिथल्या मावशींना घाबरतात. मावशी ओरडत नाहीत, पण हसतही नाहीत. कुणी दात घासायचं नाव काढलं की म्हणतात, "घासायला ते काय टोप हायत?" मग एक कोरा ब्रश काढतात, मुलाला डोळे मिटायला लावतात आणि मिटल्या पापणीवरून तो सावकाश फिरवतात. "एवढाच जोर. डोल्याला लागलं नाय, तर दाताला बी लागनार नाय." रडणारं मूलसुद्धा तेव्हा चिडीचूप होतं. मला ते बघवत नाही, पण नजरही हलत नाही.

परवा त्यांनी माझ्या पाच वर्षांच्या मुलीचा, घरून आणायला सांगितलेला ब्रश मागून घेतला. त्याचे केस चहूबाजूंनी पिंजारले होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, मुलीचं मनगट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा जोर पोरीचा नाय."

ऑफिसच्या घाईत तिचे दात मीच घासतो, हे मी सांगितलं नव्हतं.

"तुमी मिटा डोलं."

का कोण जाणे, मी मिटले. ब्रश काही टेकेना. मी मान आखडून वाट बघत राहिलो. डोळे उघडले तेव्हा मावशी दुसऱ्या मुलाकडे गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश पुढे केला. मुलीने आधी डोळे घट्ट मिटले, मान आखडली. रोजच असं करते. मला वाटायचं, झोपेत असते.