कौतिकभाऊची थाप

धुळ्याला नदीकाठी निळीचं काम करणाऱ्या कौतिक रंगाऱ्यात एकच खोट होती. त्याला थाप मारता येत नसे. दुसऱ्या धंद्यात हे खपलं असतं. पण निळीचं मडकं नासून कापडाला रंग चढेनासा झाला की रंगाऱ्याने गावात एक अचाट थाप सोडायची, ती गावभर झाली की मडकं ताळ्यावर येतं, ही वाडवडिलांपासूनची रीत.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात मडकं नासलं. बापाने लावलेलं, जुन्या पाण्यात नवी नीळ घालत तीस वर्षं जगवलेलं मडकं! शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर ओतूनच द्यावं लागणार होतं. वच्छलाबाईने त्यात गूळ, चुना, टाकळ्याचं बी घातलं, मडक्याला गोधडी गुंडाळली आणि नवऱ्याला बाजारात पिटाळलं. दोंडाईच्याला यंदा मिरच्या किंचित गोड निघाल्यात, असं तो सांगून आला. ‘किंचित’ ऐकून कोण ते पुढे नेणार?

"तुमना खोटामा दमच नही," वच्छलाबाई म्हणाली.

शेजारचे गिरधर मास्तर शाळेत रसायन शिकवत. त्यांच्याकडे बोटभर पितळी नळी होती; तिच्यातून उजेडाचं इंद्रधनुष्य दिसे. मडक्यातलं पाणी कुपीत काठोकाठ भरून, बूच लावून ते नळीसमोर धरत. निळा रंग तसाच असला तर तांबड्या पट्ट्यावर काळा डाग; मडकं पिकून ताळ्यावर येऊ लागलं की डाग फिका. दर दोन तासांनी मास्तर बघत, आणि कौतिक नापास होण्याच्या तयारीने दाराशी उभा राही. गुरुवारी डाग हलला नाही. शुक्रवारी सकाळी त्याची कड विरली; कौतिकने स्वतः पाहिली.

बाजारात दुकानदार पंडितने मडक्याची चौकशी केली, तेव्हा कौतिकने होतं तसं सांगितलं, "मास्तरांच्या नळीतून मडक्याच्या पोटात या घडीला काय चाललंय ते दिसतं. इंद्रधनुष्यातला तांबडा मोकळा झाला, की लुगडी बुडवायची."

पंडितला गल्ल्यावरून उठवेना इतका तो हसला. दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या पेठेत झाली आणि संध्याकाळच्या बैलगाड्यांबरोबर पारोळ्याकडे गेली.

शनिवारी डाग गेला. मडक्यातून लुगडं हिरवं निघालं आणि वाऱ्यावर बघता बघता गडद निळं झालं. मास्तर गुळाचा आणि गोधडीच्या उबेचा महिमा समजावू लागले. वच्छलाबाई मात्र प्रथमच नवऱ्याकडे कर्तबगार माणसाकडे बघावं तशी बघत होती.

कौतिकला ते सोसेना. तो तसाच दुकानात गेला आणि नळीची हकिकत अक्षरन् अक्षर खरी असल्याचं शपथेवर सांगू लागला.

पंडितने त्याच्या निळ्या हातावर हात ठेवला.

"मडकं सुधरनं ना, कौतिकभाऊ? मंग आते पुरं कर."