कोपऱ्यावरचा तलाव

संध्याकाळी बँकेतून घरी येते तेव्हा माझ्यात फक्त चपला काढण्याएवढी ताकद उरलेली असते. मग चहा, आणि चहाबरोबर सातची मालिका. मालिका हिंदी, पण घडते आमच्या भोपाळमध्ये, निदान तसा तिचा दावा आहे. आईबाबा ती एकही दिवस चुकवत नाहीत. आई बघायला बसते आणि बाबा भांडायला.

बाबा जन्मभर कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. एक रेघ इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नाही, आणि या मालिकेत तर अख्खं शहरच इकडचं तिकडे झालं आहे. नायिका राहते कारखान्याच्या कॉलनीत, म्हणजे आम्ही आयुष्य काढलं तसल्याच सरकारी क्वार्टरमध्ये. पण तिच्या क्वार्टरला नक्षीदार झरोका आहे आणि झरोक्यातून सांचीचा स्तूप दिसतो. "सांची काय आपल्या गोविंदपुऱ्यात आहे?" बाबा ओरडतात. ती स्टेशनवर उतरली की रिक्षा तिला भलत्याच दिशेला नेते आणि तरी घरी पोचवते. रोज संध्याकाळी ती दाराबाहेर पडते, कोपऱ्यावर वळते, की समोर मोठा तलाव. ओढणी उडते, गाणं सुरू होतं.

"अरे, कॉलनीतून तलाव चालत? दोन बस बदलाव्या लागतात, दोन! मधे सगळं भोपाळ पडतं!"

पहिले काही दिवस मला मजा वाटली. नंतर कंटाळा आला, आणि आता त्या ओरडण्याने डोकं उठतं. बाबा, हे सगळं मुंबईत कुठेतरी सेट लावून केलेलं असतं, तो तलावही कुठला तरी दुसराच असेल, असं मी सांगून पाहिलं. पण नकाशा चुकला म्हणजे चुकला, कुणीतरी सांगायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते टीव्हीला सांगतात.

खरं बोलायचं तर भूगोलाच्या बाबतीत आम्ही कॉलनीवालेही काही मोठे शहाणे नव्हतो. शाळा कॉलनीत, दवाखाना कॉलनीत, बाजार, क्लब, गणपती, सगळं कॉलनीत. गेटबाहेर पडायला कारणच नसे. कधी शहरातल्या न्यू मार्केटला जायचं झालं तर आम्ही शेजाऱ्यांना सांगायचो, "आज जरा भोपाळला जाऊन येतो." राहत होतो भोपाळमध्येच, पत्रांवर पत्ताही भोपाळचाच. पण मनात भोपाळ हे दुसरंच कुठलं तरी गाव होतं, आणि तलाव त्या गावाच्याही पलीकडे.

आईचं तसं नव्हतं. तिचं माहेर नागपुरात, तलावाच्या काठी. लग्न ठरलं तेव्हा मुलाची नोकरी, क्वार्टर, माणसं कशी आहेत, हे सगळं मोठ्यांनी पाहिलं. तिच्या कानावर एवढंच आलं की भोपाळ म्हणजे तलावांचं शहर, आणि ती खूश झाली. आली ती आमच्या क्वार्टरमध्ये, जिथे पुढचं दार उघडलं की समोरच्या रांगेची मागची दारं आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे.

तलावावर जाऊ या का, असं तिने विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं असे. "लांब आहे." रागावून नाही, अगदी शांतपणे, माहिती द्यावी तसं. पुढच्या रविवारी पुन्हा, "लांब आहे गं." आठवडाभर ड्रॉइंग बोर्डावर वाकून त्यांची पाठ गेलेली असायची, हेही खरं. नागपूरहून पाहुणे आले की मात्र जायचो, कारण पाहुण्यांना तलाव दाखवावाच लागतो. तेव्हाही आई डबे उघडण्यात आणि पोरांना पाण्यापासून मागे ओढण्यात असायची, आणि ऊन उतरायच्या आत बाबा परतीच्या बसची घाई सुरू करायचे. हळूहळू तिने विचारणं सोडलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि बाबांनी घर घेतलं तेही सोनागिरीत, कॉलनीला खेटून. तलाव होता तिथेच राहिला, आईचे गुडघे मात्र गेले.

परवा नायिकेने तलावात उभं राहून उगवत्या सूर्याला अर्घ्य दिलं. बाबा उसळले.

"तलाव पश्चिमेला आहे! तिथे सूर्य मावळतो, उगवत नाही!"

"तुम्ही कधी पाहिलात मावळताना?" आईने विचारलं.

आवाज चढवला नव्हता तिने. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तलाव कुठल्या दिशेला आहे हे त्यांना नकाशावरून ठाऊक होतं.

काल नागपूरहून मावशीचा फोन आला. आईची ही धाकटी बहीण, तीही हीच मालिका बघते. आईला कमी ऐकू येतं म्हणून आमच्याकडे फोन स्पीकरवरच असतो.

"ताई, तुझं बरं आहे बाप्पा," मावशी म्हणाली. "दारातून निघालं की कोपऱ्यावर तलाव! मी आली होती तेव्हा तर भाऊजींनी बसने नेलं होतं ना? मला वाटलं, किती दूर आहे."

मी बाबांकडे पाहिलं. आता यांचा तोफखाना सुटणार, असंच मला वाटलं.

"जवळच आहे," आई म्हणाली. "तेव्हा रस्ता फिरून होता. आता रोज जातो आम्ही संध्याकाळी, हे आणि मी. काठावर बसतो, एक भुट्टा घेतो अर्धा अर्धा. सूर्य बुडाला की परत."

"आणि गुडघे गं तुझे?"

"पाण्याकाठी काही जाणवत नाही."

बाबांच्या हातात कप होता. ज्यांनी सांचीचा स्तूप खपवून घेतला नाही, ते कप तसाच धरून फोनकडे बघत राहिले. चहावर साय धरली. मला फार वाईट वाटलं, दोघांचंही, पण उठून काही बोलावं एवढं त्राण अंगात नव्हतं.

फोन ठेवला, मालिका लागली. नायिका दाराबाहेर पडली, कोपऱ्यावर वळली, तलाव आला. घरात कुणी ओरडलं नाही.

"उद्या जायचं का?" बाबांनी विचारलं.

"कुठे?"

"तलावावर. आता टॅक्सी दारापर्यंत येते. पोरगी बोलावेल."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

"लांब आहे हो," ती म्हणाली.