कॉफीच्या डब्यातले चेक

डॉक्टर हेल्मी लुओमा चिडली की ओरडत नसे, भांडी घासत बसे. त्या आठवड्यात घरातलं पातेलं न् पातेलं लखलखत होतं. नवऱ्यानं ओळखलं, वकिलाचा फोन येऊन गेलाय.

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटामधल्या एका खाणींच्या गावात बाळंतपणं करणारी डॉक्टर ती एकटीच. तिचा एक हट्ट होता. बाळ बाहेर आलं तरी नाळ नाडीसारखी उडत असेल तोवर चिमटा लावायचा नाही. "त्याचंच रक्त आहे ना ते? मग घेऊ दे की पोटभर!" असं ती नर्सांना दटावायची.

मग एका खाजगी रक्तपेढीचा विक्रेता ट्रॉय गावात उगवला. चकचकीत बूट, हातात डोनटचा खोका. नाळेतलं रक्त आमच्याकडे गोठवून ठेवा, पुढेमागे बाळाला काही झालं तर कामी येईल, असं तो पोटुश्या बायकांना सांगायचा. घाबरवून पैसे काढायचे, दुसरं काय! लोक पैसे भरत आणि रक्ताची रिकामी पिशवी असलेली पेढीची पेटी घेऊन प्रसूतीला येत. रक्त काढायचं काम मात्र हेल्मीच्या गळ्यात. दर पिशवीमागे पेढीकडून तिच्या नावानं चेक यायचा. तिला तो नको होता. परत पाठवावा ना मग! तर नाही. ती मागे सही करायची आणि मार्लिसकडे द्यायची. मार्लिस म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी नर्स.

"टाक तुमच्या कॉफीच्या डब्यात."

नर्सांची कॉफी आणि नाताळचा केक त्यातून निघायचा. झालं, आपले हात स्वच्छ! एवढी शिकलेली बाई, पण काय ही खुळी समजूत!

त्या हिवाळ्यात डेरेक सोबोलची बायको बाळंत झाली. पोरगं आलं ते पांढरंफटक, हातपाय लुळे. हेल्मीनं त्याला आईच्या पोटावरच धरलं, पाठ चोळत राहिली, नाळ उडू दिली. डेरेक पेटी छातीशी धरून उभा.

"डॉक्टर, पिशवी! पैसे भरलेत आम्ही!"

"गप्प उभा राहा! आधी तुझं पोर."

पोर गुलाबी झालं, त्यानं भोकाड पसरलं. नाळेत उरलेल्या रक्तानं पिशवीचा तळ जेमतेम ओला झाला. पेढीनं ती टाकून दिली आणि डेरेकला कळवलं, डॉक्टरनं चिमटा उशिरा लावला. डेरेकनं दावा ठोकला. ज्या पोरासाठी हे सगळं, ते घरी टुणटुणीत, आणि बाप कोर्टात! तळपायाची आग मस्तकात जाईल नाही तर काय!

विमा आहे, म्हणून हेल्मी निर्धास्त होती. विमा कंपनीच्या वकिलानं तिला समोर बसवलं.

"बाळंतपण हा उपचार. रक्त गोळा करणं हा तुमचा जोडधंदा. त्याला आमचा विमा लागू नाही."

"कसला धंदा? एक पैसा घेतला नाही मी!"

"चेकांमागे सही कुणाची आहे?"

"अहो, ते नर्सांच्या कॉफीला गेले!"

"कुठे का जाईनात. घेतले तुम्ही."

आता खटला लढायचा तर स्वतःच्या खिशातून, राहतं घर विकून. नाहीतर डेरेकला एक कागद हवा होता. चिमटा उशिरा लावला ही माझी चूक, असं लिहून द्यायचं, की तो दावा मागे घेणार. हेल्मी घरी आली आणि आधीच घासलेली पातेली पुन्हा घासली. नवरा म्हणाला, "कर गं सही. कागदच तो. तुझे हात थोडेच बदलणार आहेत?"

तिनं सही केली. ट्रॉयनं त्याच दुपारी प्रसूतीकक्षात डोनट पाठवले. तिनं खोका उघडलासुद्धा नाही, तसाच कचऱ्यात आदळला.

पुढच्याच आठवड्यात शाळेतली एक शिक्षिका पेटी घेऊन आली. बाळ नीट आलं. नवरा पेटी उघडून उभा राहिला, नुसता हेल्मीच्या हातांकडे बघत राहिला. नाळ जाड, निळी, बोटांखाली उडत होती. थांब, असं हेल्मीनं मनात म्हटलं. म्हणेपर्यंत चिमटा लागला होता.

तिच्याच हातानं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. बाळ रडत होतं, ठीक होतं, जरा फिकट इतकंच. पिशवीत रक्त भराभर उतरलं. नवऱ्यानं तिचा हात धरून आभार मानले. तो हात तोडून टाकावासा तिला वाटला.

मार्लिसनं पिशवी उजेडात धरली. "बघा तरी डॉक्टर, काय काठोकाठ भरलीय!"

हेल्मी नळाखाली हात घासत होती. कातडी लाल झाली तरी थांबेना.

"हो," ती म्हणाली. "आणि कुणाला कमी पडलं, ते बघितलंस?"