बारावीची अट

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही. जिच्याबद्दल आहे, तिला तर नाहीच नाही. इतकी वर्षं मी हे मनातल्या मनात घोळवत बसलेय — आणि आज तुमच्याशी बोलतेय. तुमच्याशीच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी ठाण्याला नौपाड्यात कुत्र्यांची मालिश करते. हसलात ना? हसा, सगळेच आधी हसतात. मग स्वतःचं कुत्रं म्हातारं झालं, जिना चढेनासं झालं, की येतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगते, ती बघते, आणि मगच हात लावते. भिंतीवर माझं सर्टिफिकेट आहे. लोक जाताना म्हणतात, ताई, तुमच्या हातात काहीतरी आहे हं. मी म्हणते, अहो, सवय आहे नुसती.

पण हे सगळं सुरू झालं ते नौपाड्यात नाही. मोहने गावात झालं, कल्याणच्या जवळ.

तेव्हा आम्ही कल्याणला राहायचो, खडकपाड्याला. माझी नोकरी सुटलेली. वय चाळीसच्या पुढे, दिवसभर घरात मी आणि बंड्या. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रेडॉर, अकरा वर्षांचा, अंगाने भरलेला. त्याचे मागचे पाय गेलेले — म्हणजे होते, पण ओढत चालायचा. औषधं चालू होती. एक दिवस त्याचे डॉक्टर म्हणाले, "मोहन्याला एक बाई आहेत. बाळंतिणींची, तान्ह्या मुलांची मालिश करतात. पण कुत्र्यांना त्यांच्या हाताने आराम पडतो, मी स्वतः बघितलंय. एकदा जाऊन या."

तर गेलो. कुत्र्याला घेणारा रिक्षावाला शोधण्यातच अर्धी सकाळ गेली.

सुमन. चाळीतल्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला डब्यात लावलेली गवती चहाची पात. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली सासऱ्यांची खुर्ची. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. ते तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना केव्हाच बंद पडलेला, पण आबा अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि पेपर घेऊन बसायचे. सुमन माझ्याच वयाची. तरी मी पहिल्या दिवसापासून तिला 'तू' म्हणाले आणि ती मला 'तुम्ही ताई'. कुणी ठरवलं नव्हतं. तसंच झालं. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

तिने बांगड्या काढल्या, हात एकमेकांवर चोळले आणि बंड्याच्या पाठीवर ठेवले. नुसते ठेवले. किती वेळ — मला वाटलं, ही विसरली की काय. मी काही बोलणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "थांबा. तो अजून हो म्हणाला नाही."

आणि मग बंड्याने मोठा श्वास सोडला. मान खाली टाकली. तेव्हा कुठे तिची बोटं हलली.

त्यानंतरचे रविवार... काय सांगू तुम्हाला. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी गेले, पण सुख म्हटलं की मला तोच ओटा आठवतो. मोहन्याच्या रस्त्याला लागलो की बंड्या रिक्षात उठून बसायचा. सुमन चहा टाकायची, आबा पेपरातलं काहीतरी मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि बंड्या ओट्यावर आडवा पडून घोरायचा. चाळीतली पोरं बघायला जमायची, पण सुमनचे हात चालू असले की आपोआप गप्प बसायची. मी तिच्या बाजूला बसून शिकायचे. मणक्यावर कधी दाबायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी जायचं. कुठे गरम लागतं ते आधी बघायचं. कुत्र्याने ओठ चाटले, मान वळवली, की तो 'नको' म्हणतोय — लगेच हात काढायचा. गाठ लागली, की मालिश बंद आणि डॉक्टर. तेल नाही, कारण ते चाटतात. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तान्ह्या बाळांवरून तिने ते स्वतःच ओळखलं होतं. "बोलता न येणाऱ्याची मालिश सारखीच," असं म्हणायची.

मला नीट जमायचं नाही. माझ्या हाताला घाई. मी सुरू केलं की बंड्या पाच मिनिटांत उठून तिच्याकडे जाऊन बसायचा. आम्ही दोघी हसायचो. — मी खरंच हसायचे का? आता वाटतं, नाही.

मग मला वाटलं, यात काहीतरी करावं. शिकावं रीतसर. सुमनला सांगितलं, तर माझ्यापेक्षा तीच जास्त खूश. तिच्या ओट्यावर बसूनच आम्ही कोर्स शोधले, माझ्या फोनवर. एक होता कोलशेतला, एका हॉलमध्ये, दोन दिवसांचा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्टिफिकेट हातात. एक परदेशातला, सगळा ऑनलाइन. आणि एक ठाण्यातच, आठ महिन्यांचा, शनिवार-रविवार, एक निवृत्त जनावरांच्या डॉक्टर मॅडम घ्यायच्या. मला सरळ दोन दिवसांचा बरा वाटला. सुमन म्हणाली, "ताई, शिकवताना समोर खरं कुत्रं असतं का, ते विचारा. आणि कुणाला हात लावायचा नाही, हे कोण शिकवतं ते विचारा."

मी तिघांना फोन केले. दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर देणाऱ्या फक्त मॅडम. म्हणजे बघा, माझा कोर्ससुद्धा सुमननेच निवडला.

मॅडमचा फॉर्म इंग्रजीत होता. मी तो वाचला. त्यातल्या दोन ओळी मला आजही पाठ आहेत. शिक्षणाची अट नाही. प्राण्यांसोबत काम केल्याचा अनुभव असल्यास प्राधान्य. आणि खाली — मालिश करतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवावा, हात स्पष्ट दिसावेत.

मी घरी व्हिडिओ केला. मुलीने धरला फोन. तिसऱ्या मिनिटाला बंड्या उठून गेला. परत केला, परत गेला. आणि माझ्या फोनमध्ये सुमनचे तीन व्हिडिओ होते — मीच शिकायला म्हणून काढलेले. तिन्हींत चेहरा नाही, नुसते हात आणि बंड्याची पाठ.

आता इथे मी म्हणू शकते, की घाईत चुकीचा गेला. पण तसं नव्हतं. एका व्हिडिओत तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसत होता. तो मी बाजूला ठेवला. दुसऱ्यात आबांचा आवाज होता. तिसऱ्यात काहीच नव्हतं, फक्त ते दोन हात. त्याचा आवाज काढून टाकला आणि तो पाठवला. विचार करून पाठवला.

निवड झाली. पहिल्याच शनिवारी मॅडमनी तो वर्गात सगळ्यांना दाखवला. "या हातांना घाई नाही, बघा. मला हे शिकवता येत नाही, हे असावं लागतं." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजतेय.

पुढे प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर मॅडम एकदा म्हणाल्या, "कॅमेऱ्यासमोर बरी करतेस गं, इथे का घाबरतेस?" मी म्हणाले, दडपण येतं. आठ महिन्यांत हात थोडे सुधारले माझे. तेवढेच.

हे एवढंच असतं ना, तर कदाचित मी विसरलेही असते. एक व्हिडिओ, दुसरं काय. पण कोर्स संपत आला तेव्हा एका रविवारी सुमनने विचारलं. माझ्याकडे बघून नाही. बंड्याचा पंजा हातात घेऊन, बोटांच्या मधे अंगठा फिरवत.

"ताई, पुढच्या खेपेला माझं होईल का तिथे?"

आबांनी पेपर खाली केला. मला आठवतंय ते. त्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "बारावी लागते गं."

एवढंच. एका श्वासात. तिने नववीत शाळा सोडलेली, हे मला माहीत होतं. नुसतं दहावी म्हणाले असते, तरी भागलं असतं. पण मला अट उंच हवी होती.

का? ती वर्गात आली असती, तर मॅडमनी ते हात एका मिनिटात ओळखले असते. हे एक. पण ते एकच नव्हतं. मला ती तिथे नकोच होती. माझ्या शेजारच्या खुर्चीत, माझ्यासारखीच वही घेऊन, माझ्यापेक्षा चांगली. ती ओट्यावर होती तोवर मी तिच्यावर माया करू शकत होते. समजतंय ना, मी काय म्हणतेय?

ती म्हणाली, "हो का. मग राहू दे." आणि दुसरा पंजा घेतला.

राहू दिलं असतं तिने, तर बरं झालं असतं. पण दोनेक महिन्यांनी तिचा फोन. "ताई, सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावीला बसते. आबा मागे लागले, म्हणाले, अट आहे ना, मग अट पुरी कर."

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं. तेव्हा सांगितलं असतं, तर एक फॉर्म फुकट गेला असता, बाकी काही नाही. पण मी म्हणाले, "अरे वा. इंग्रजी मी घेते तुझं."

आणि घेतलं. रविवारी त्याच ओट्यावर. ती एका हाताने बंड्याला थोपटत स्पेलिंगं पाठ करायची. आबा इतिहासाचे प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आधी स्वतःच सांगून टाकायचे. ती चिडायची, "अहो आबा, परीक्षा माझी आहे." त्या वर्षी पहाटे उठून अभ्यास, मग दोन बाळंतिणी, मग घर, मग कुत्री. दहावीला बसली तेव्हा बंड्या होता. निकालाच्या आधी गेला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला, माझ्या नाही. मी रडले, तर तीच माझी पाठ चोळत बसली.

दहावी पास झाली. पेढे घेऊन घरी आली, म्हणाली, "अर्धा रस्ता झाला, ताई." मी पेढा खाल्ला.

मग बारावी. मधे दोन वर्षं. बाळंतिणी कमी केल्या तिने, मग कुत्र्यांचं कामही बंद केलं, वेळ पुरेना. तोवर आम्ही ठाण्याला आलो, माझं नौपाड्यातलं काम सुरू झालं. मोहन्याहून फोन यायचे. एखादी शंका, एखादा धडा. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी, "मॅडमचा कोर्स चालू आहे ना?" मी म्हणायचे, चालू आहे.

बारावीचा निकाल लागला त्या दुपारी तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "झाले, ताई. आता फॉर्म आणा माझा."

त्याच्या तीन महिने आधी मॅडमनी कोर्स बंद केला होता. तब्येत बरी नव्हती, मुलीकडे कायमच्या गेल्या. हे मला माहीत होतं. मी सुमनला म्हणाले, "अगं, कोर्स बंद झाला गं." ते मात्र खरं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे. बारावी तर झाली."

आता ऐका, कारण जे मला सांगायचं होतं ते हे आहे. व्हिडिओ नाही, बारावीची थापसुद्धा नाही. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं, ते वाईट नव्हतं. मला हायसं वाटलं. चार वर्षांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मी आत गेले, चहा केला, आणि खिडकीत उभी राहून तो चवीने प्यायले.

सुमन आता कल्याणला एका दवाखान्यात काउंटरवर बसते. माणसांच्या. नावं लिहून घेते, नंबर देते. खुर्ची आहे, पंखा आहे, खूश आहे. मालिश करत नाही. बोटांत आता ते राहिलं नाही, म्हणते. मी कधी तपासलं नाही.

कुणी म्हणेल, मग झालं की चांगलंच. तिची बारावी तुमच्या थापेमुळेच झाली. मी स्वतःला हे कितीदा म्हणून बघितलंय. पण तिने शिकावं म्हणून मी ते बोलले नव्हते. तिने शिकू नये म्हणून बोलले होते. शिकली ती तिच्या जिद्दीने आणि आबांच्या.

त्यांच्या विहारात शिकलेल्या बायकांचा सत्कार झाला, तेव्हा तिने मला बोलावलं. मला वाटलं, मागे बसून परत येईन. पण तिचं नाव पुकारल्यावर तिने माईक घेतला आणि म्हणाली, "मला कुणी अट सांगितली नसती, तर मी शिकले नसते. ज्या ताईंनी सांगितली, त्या इथे आहेत." टाळ्या. मला वर बोलावलं. आबा काठी टेकत पुढे आले, त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. कुणीतरी म्हणालं, ताई, दोन शब्द बोला. मी माईकसमोर उभी राहिले. समोर पन्नास-साठ बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, माझ्याकडे बघत. सांगायला त्याहून चांगली जागा मला कधी मिळणार होती?

मी म्हणाले, "जिद्द असली की सगळं होतं."

सुमनने माझ्या खांद्यावर शाल घातली. तपकिरी, बारीक काठाची. ती मी घरी आणली. दोन हिवाळे झाले, सकाळी गारठा असला की मी ती पांघरते.