डॉक्टरनं लिहून दिलेला रोजा

औषधाच्या चिठ्ठीवर रोजा लिहून देणारा वाशीम जिल्ह्यातला पहिला डॉक्टर मी आहे. (मी बौद्ध. दवाखाना अनसिंगला, घराच्याच पुढच्या खोलीत.)

दोष सगळा वाशीमच्या त्या प्रशिक्षणाचा. विषय होता, अल्पसंख्याक रुग्णांच्या चालीरीती डॉक्टरांनी कशा समजून घ्याव्यात. जेवणात पुरणपोळी, डोक्यावर गरगरता पंखा आणि खिडकीबाहेर फाल्गुनातल्या उन्हात फुललेला पळस! शिकवणाऱ्या बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायला लागला. "रमजान... सहेरी... इफ्तार... गोळ्यांच्या वेळा..." मधल्या मधे मी लहानपणीच्या एका ईदला जाऊन शीरखुर्म्याच्या दोन वाट्या रिचवून आलो. जाग आली ती टाळ्यांनी. बाईंचं 'आधी रुग्णाला विचारा' हे वाक्य बहुतेक दुसऱ्या वाटीत गेलं.

रमजान चालूच होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पेशंट शकिलाखाला. सख्ख्या शेजारीण, माझ्या मायची जिवलग मैत्रीण, शुगरच्या जुन्या रुग्ण. मला कडेवर घेऊन वाढवलेलं त्यांनी! पण प्रशिक्षित डॉक्टरला शेजारीण दिसते कुठे? मला दिसला अल्पसंख्याक रुग्ण!

"आदाब. तशरीफ रखिए," मी म्हणालो.

खालांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"बाबू, तब्येत बरी हाये ना तुई?"

मी समजूतदारपणे हसलो (तेवढं जागेपणी शिकलो होतो) आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: रोजा. एक गोळी पहाटे सहेरीला, एक संध्याकाळी इफ्तारला.

"म्हंजे रोजा ठेवू म्या?"

"बेशक!"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मायची हाक आली. धावत गेलो. खाला लिंबाखाली बाजेवर, कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरत होते आणि चेहऱ्यावर भलतंच गोड हसू.

"बाबू, ते पाय, पयसावर मोरं बसले. माई अम्मी बोलावून राह्यली मले..."

त्यांची अम्मी जाऊन वीस वर्षं झाली होती. साखर तपासायला मी त्यांचं बोट धरून सुई शोधत राहिलो. तोवर मायनं साखरेचं पाणी त्यांच्या ओठाला लावलंही होतं. घोट घोट करत वाटी संपली आणि हळूहळू पळसावरचे मोर उडून गेले.

"काहून ठेवला व रोजा?" माय कडाडली. "शुगर झाल्यापासून सोडला होता ना?"

"मौलानानं तं मनाच केलं होतं, बिमारीत माफ असते म्हणे. पण डॉक्टरनं लिहून देल्ला!" खालांनी बटव्यातून चिठ्ठी काढली.

मायनं चिठ्ठी वाचली. मग मला वाचलं.

"मी फक्त त्यांच्या रिवाजाचा मान..."

"तिच्या घरी जेवून वाढला तू! तिले एक शब्द इचारता नाई आला?"

मग बाजेच्या कडेला बसून विचारलं. काय खाता, कधी खाता, काय होतं. खाला तासभर बोलल्या. नेहमीच्या गोळीनंही त्यांना चक्कर येत होती. इतक्या वर्षांत मी ऐकलंच नव्हतं. गोळी बदलली. आता त्या ठणठणीत आहेत आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ओट्यावरूनच बजावतात, "डॉक्टर चांगला हाये, पण एकडाव मौलानाले इचारून घ्या!"

तेव्हापासून गर्दी खूप वाढली आहे. मौलानांकडे.